घरात अंडं खाणारे किती?

आमच्या घरात अंड्याला एक कोपरा होता, आणि त्या कोपऱ्यातून त्याने बाहेर यायचं नाही असा दंडक होता. स्वयंपाकघराच्या मागे कपडे धुवायची बाल्कनी आहे, तिथे अंड्याचा सगळा संसार मांडलेला. त्याचं पातेलं, त्याची वाटी, त्याचा चमचा, त्याची घासणी. ती घासणी चुकून आतल्या भांड्यांत येऊ नये म्हणून तिला लाल सुतळी बांधलेली. ही व्यवस्था माझ्या सासूबाईंची, वैजयंतीबाईंची. मी त्यांना आई म्हणते. निनादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कॉलेजात असताना टायफॉइड झाला, डॉक्टरांनी अंडी सांगितली, तेव्हा आईंनी हा कोपरा काढून दिला. टायफॉइड गेला, अंडं राहिलं.

मी वेंगुर्ल्याची. तळलेल्या बांगड्याच्या वासावर वाढलेली. लग्न ठरलं तेव्हा आई एवढंच म्हणाल्या होत्या, "आमच्यात बायका खात नाहीत हो." मी सोडलं. म्हणजे ज्या घरात सात पिढ्यांत कुणी अंड्याला हात लावला नव्हता, तिथला मुलगा रोज अंडं खायचा आणि मी बघायचे. संसारात असे विनोद पुष्कळ असतात. वेळेवर हसलं नाही तर ते अंगवळणी पडतात.

गेल्या दिवाळीला निनादने ते यंत्र आणलं. सकाळी अंडं तयार झालं की ते बारीक आवाजात आरवायचं, म्हणून आईंनी त्याचं नाव ठेवलं, कोंबडं.

"माणसाला एक अंडं उकडता येईना होय रे?" आई म्हणाल्या.

"उकडता येतं गं. हाफ बॉइल येत नाही."

खरं होतं ते. निनाद हळद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, चिमूटभर भेसळ नाकाने ओळखतो, पण अर्धकच्च्या अंड्यापुढे त्याने उभ्या सांगलीत हात टेकले होते. त्यातली अडचण अशी, की एका कवचात दोन बिऱ्हाडं राहतात आणि दोघांचे स्वभाव वेगळे. पिवळं लवकर धरतं, पासष्ट अंशांच्या आसपासच ते घट्ट व्हायला लागतं. पांढऱ्याला नीट धरायला ऐंशीच्या घरातली उष्णता लागते. पांढरं होईपर्यंत उकळावं तर पिवळ्याचा भुगा, पिवळं सांभाळावं तर पांढरं शेंबडासारखं.

कोंबड्याने काढलेला तोडगा ऐकायला साधा आहे. अंड्याला ते आळीपाळीने उकळतं आणि कोमट पाणी दाखवतं. बाहेरच्या पांढऱ्याला चटका बसतो, ते जरा निवतं, पुन्हा चटका बसतो. ही ये-जा आत पोचेपर्यंत तिची धार गेलेली असते, त्यामुळे पिवळ्याला कळते ती फक्त सरासरी. चटके बाहेरच्याने सोसायचे आणि आतल्याला मात्र सुखाची ऊब. हे वाचून मला एकदम एकत्र कुटुंब आठवलं, पण ते असो.

वाचलं म्हणजे, माझं कामच ते. यंत्रांची माहितीपत्रकं आता यंत्रंच मराठीत करतात आणि मी ती माणसांत आणते. या कोंबड्याचं पत्रकही माझ्याच हातून गेलं होतं. त्यामुळे त्याची खरी करामत चमच्यात आहे हे मला ठाऊक होतं. जीभ चमच्यावर किती जोराने दाबते हे त्या चमच्याला कळतं. हात किती स्थिर आहे तेही कळतं. अंड्याच्या वाटीत एक बारीक कान बसवलेला असतो, तो घोट गिळल्याचा आवाज ऐकतो. चमच्यागणिक यंत्र शिकतं, की या माणसाला हे कसं गेलं, आणि दुसऱ्या दिवशीचं अंडं तसं करतं. गिळायला त्रास होतोय असं वाटलं तर पिवळं जरा दाट करतं, कारण दुबळ्या घशाला पातळ पदार्थ दगा देतो, वाट चुकून श्वासनळीत जातो. दाट पदार्थ सावकाश, सांगून-सवरून उतरतो.

पहिल्या दिवशी यंत्राने एकच प्रश्न विचारला. "घरात अंडं खाणारे किती?"

"एकच हो," आई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या. यंत्राला मराठी कळतं म्हटल्यावर आपणही सांगावं, म्हणून.

निनादने 'एक' दाबलं. खाणारा एकच असला की चमचा पुन्हा कधी विचारत नाही, कोण खातंय. कशाला विचारेल?

ते पहिलं अंडं मला अजून दिसतं. पांढरं ताज्या खरवसासारखं आणि आतलं पिवळं मधासारखं, चमचा काढला की सावकाश मागे सरकणारं. निनादने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाचा चेहरा एकदम दूधपित्या पोरासारखा झाला. आई दारात थबकल्या होत्या, हातात पिळलेला टॉवेल. त्यातलं पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत होतं.

*

संक्रांत झाली आणि अंडं बिघडायला लागलं.

"वृषा, हे बघ. हे हाफ बॉइल आहे? हे श्रीखंड आहे."

"श्रीखंड तर श्रीखंड. खा."

"आधी असं नव्हतं. दिवसेंदिवस दाट होत चाललंय."

"आणि तू दोन दोन खातोस त्याचं काय? डॉक्टरांनी एक सांगितलंय."

"मी एकच खातो!"

"मग ट्रे कोण संपवतं? कोंबड्या येऊन परत घेऊन जातात?"

"तूच खात असशील चोरून," तो हसत म्हणाला. "वेंगुर्ल्याची मांजर."

मी हसले नाही. आतून आई म्हणाल्या, "भांडू नका रे सकाळी सकाळी," आणि त्यांना ठसका लागला. चहाने हल्ली लागायचा. वय झालं, आम्ही म्हणायचो. त्याही तेच म्हणायच्या.

मग एका सकाळी कोंबडं आरवलं नाही. त्याच्या पाटीवर अक्षरं आली. "आपल्या खाणाऱ्याच्या गिळण्याच्या शक्तीत घट आढळली आहे. पहिल्या चमच्याच्या तुलनेत शेवटच्या चमच्याला जिभेचा दाब बराच कमी आहे. कृपया तज्ज्ञांना भेटा."

हे वाक्य मीच माणसांत आणलं होतं. यंत्राने आधी 'आपला भक्षक' असं लिहिलं होतं आणि मी एकटीच खूप हसले होते. आता मी ते दोनदा वाचलं.

निनादने पत्रकातला तो भाग माझ्याकडून समजून घेतला. मेंदूकडून नस निरोप आणते आणि स्नायूच्या दाराशी ठेवते. स्नायू तो उचलतो आणि हलतो. काही आजारांत हा निरोप पोचता पोचता दमतो. पहिला घास छान जातो, दुसरा बरा, शेवटचा मात्र ढकलावा लागतो. थोडा वेळ थांबलं की पुन्हा ठीक. म्हणूनच माणसाच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. चमच्याच्या येतं.

"म्हणजे मला आजार आहे," निनाद म्हणाला.

"म्हणजे तपासायचं."

गिळणं ही अशी गोष्ट आहे की तिच्याकडे लक्ष दिलं की ती बिघडते. त्या दिवसापासून निनाद प्रत्येक घास मोजूनमापून गिळायला लागला आणि खरोखरच अडखळायला लागला. वरणभात खाताना मध्येच थांबायचा, मान वर करायचा, माझ्याकडे बघायचा. मी बघत नसल्यासारखं करायचे. घरात तिघंही एकमेकांच्या गळ्याकडे चोरून बघत जेवायला लागलो. रात्री तो आरशासमोर तोंड उघडून उभा असायचा. दिवसा पंखे पुसायचा, टाकीचा कॉक कसा फिरवायचा ते मला शिकवायचा.

"हे मला कशाला?"

"माहीत असावं."

मी त्याच्या हातातून पाना काढून घेतला. "अजून मेला नाहीस तू. पंखा पुसलास तेवढं बास."

आई देवासमोर बसलेल्या असायच्या. पूर्वी त्यांचं स्तोत्र स्वयंपाकघरापर्यंत खणखणीत यायचं. आता मध्येच आवाज घोगरा होऊन तुटायचा. लेकाच्या काळजीने कंठ दाटतो, मला वाटायचं. त्यांची डावी पापणीही उतरलेली दिसायची. झोप नाही त्यांना, मी म्हणायचे. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार असायचं, आणि ती सगळी कारणं निनादपाशी जाऊन थांबायची.

*

मिरजेला डॉक्टर नाझनीन जमादार आहेत. नसा आणि स्नायू हा त्यांचा विषय. आम्ही बिनचालकी रिक्षाने गेलो. ती रिक्षा प्रत्येक गतिरोधकावर 'क्षमस्व' म्हणते. सांगली ते मिरज इतक्या वेळा क्षमस्व ऐकलं की उतरताना निनाद म्हणाला, "अपशकुनी आहे ही."

डॉक्टरांनी त्याला पांढरं औषध गिळायला लावून पडद्यावर त्याचा प्रवास पाहिला. पुन्हा गिळायला लावलं, मग पुन्हा. तो दमतो का ते बघत होत्या. शेवटी त्यांनी खुर्ची आमच्याकडे वळवली.

"तुमचा घसा तालमीतल्या पैलवानासारखा आहे."

"मग चमचा?"

"चमचा घसा ओळखतो, माणूस ओळखत नाही." त्यांनी यंत्राची नोंद पुन्हा बघितली. "ही खूण खरी वाटते. असा उतार उगाच येत नाही. घरात अंडं आणखी कोण खातं?"

"कुणी नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"तुम्ही?"

"मी लग्नात सोडलं."

"आणि कोण असतं घरी?"

"आई," निनाद म्हणाला आणि कित्येक दिवसांनी मोकळं हसला. "डॉक्टर, माझ्या आईने अंड्याच्या घासणीला सुतळी बांधलीय. ती त्या वाटीकडे बघायचं असेल तरी पदर सावरून बघते."

डॉक्टरही हसल्या. "मग चमचा दुरुस्तीला टाका."

आम्ही नवा चमचा मागवला. नव्या चमच्यानेही तेच सांगितलं, जरा जास्तच. निनादचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला. पुण्याला दाखवू, म्हणाला. मुंबईला. यंत्र रोज खाताना बघतं, डॉक्टरांनी एकदाच बघितलं, खरं कुणाचं धरायचं? यंत्र खोटं बोलत नव्हतं, डॉक्टरही खोटं बोलत नव्हत्या, आणि मधे माझा नवरा रोज थोडा थोडा वाळत होता.

*

त्या दुपारी मी पुढच्या गॅलरीत कढीपत्ता तोडायला गेले. आईंचा कढीपत्ता. त्या वर्षी असा काही फोफावला होता की शेजारच्या येऊन विचारायच्या, काय घालता हो? "ताक," आई सांगायच्या. कुंडीतली माती वरून पांढुरकी दिसत होती. मी बोटाने उकरली. ताक असं कुरकुरत नाही.

एक तुकडा बराच मोठा होता. आतून गुळगुळीत, बाहेरून तपकिरी, वाटीसारखा वळलेला.

मी तो तळहातावर घेऊन उभी राहिले. निनाद अंड्याची टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून खाली टाकतो, कुंडीत नाही. कुंडीला हात फक्त आई लावतात. एवढं समोर असून माझं डोकं पुढे सरकेना. शेजारणीपासून कावळ्यापर्यंत सगळे डोळ्यांपुढून गेले. शेवटी विचारावं म्हणून मी मागच्या बाल्कनीकडे गेले.

दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं. आई कपडे धुवायच्या पाटावर बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून, पदर डोक्यावरून घेऊन. देवासमोर बसतात तशा. मांडीवर वाटी. डोळे मिटलेले. पहिला चमचा त्यांनी इतक्या सावकाश तोंडात घेतला की माझ्या जिभेला त्याची चव आली.

मी मागे फिरायला हवं होतं. फिरले नाही. आईंनी आणखी घास घेतले. मग त्यांनी चमचा ठेवला आणि डाव्या हाताने स्वतःची हनुवटी खालून उचलून धरली. जबडा गळून पडेल आणि तो धरून ठेवायचाय, अशी. तशीच हनुवटी धरून त्या चावत होत्या. मान पुढे काढून, जोर लावून त्यांनी गिळलं. मग पुढचा चमचा.

तेव्हा मला कळलं की चमचा कुणाबद्दल बोलत होता.

आणि त्याच क्षणी आईंना ठसका लागला. नेहमीचा नाही. आवाजच आला नाही. त्या नुसत्या पुढे झुकल्या, हात हवेत काहीतरी शोधायला लागला, वाटी पाटावरून गडगडत गेली. मी दार ढकलून आत गेले. त्यांना कमरेत वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताने थापा मारल्या. जोरात मारल्या. सासूला इतक्या जोरात मारायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. शेवटी एक घोट पिवळं बाहेर पडलं आणि श्वास आत गेला. त्या आवाजासारखा गोड आवाज मी ऐकलेला नाही.

आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसलो. त्यांच्या ओठाला पिवळं लागलं होतं. मी माझ्या ओढणीने पुसलं.

मग त्याच म्हणाल्या, "त्याचं तोंड बघितलं ना मी. पहिल्या दिवशी. एवढासा होता तेव्हा साय चाटताना असाच व्हायचा. म्हटलं, एवढं काय असतं त्यात? वाटीला थोडं राहिलं होतं." त्यांनी आपल्या बोटाकडे बघितलं. "मग सुटेना गं."

"आई, निनादला वाटतंय तो आजारी आहे."

"त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना चांगला आहे."

"मग यंत्र काय सांगतंय असं वाटलं तुम्हाला?"

त्या अगदी हळू म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्या खाण्याने ते बिघडलं. विटाळलं. म्हणून असं वेडंवाकडं बोलतं. मी सोडून बघितलं. राहवलं नाही."

"आणि हे? हनुवटी धरून खाता ते?"

"तेही त्याचंच." आता त्यांचा शब्द जड झाला होता, जीभ ओढल्यासारखा. "स्तोत्र शेवटापर्यंत म्हणता येत नाही. जीभ वळत नाही. म्हटलं, तोंड विटाळलंय, देव नाव घेऊ देत नाही. बरोबरच आहे त्याचं."

मला रडायला आलं आणि रागही आला. कुणाचा, ते कळेना. घरात एवढी माहितीपत्रकं मी माणसांत आणली, आणि हे माणूस देवघरात बसून आपल्या आजाराला शिक्षा समजत होतं.

"आई, ही शिक्षा नाही. निरोप्या दमतो. मेंदूचा निरोप जिभेपर्यंत पोचता पोचता दमतो. याला गोळ्या असतात."

"नक्की?"

"डॉक्टरांनी बघायला हवं. आजच्या आज."

त्यांनी पदर सारखा केला. "येते. पण निनादला सांगायचं नाही."

"कसं नाही सांगायचं? तो तिकडे पुण्याची गाडी ठरवतोय."

"काहीही सांग. चहाने ठसका लागला म्हण. हे नाही सांगायचं. सांगणार असशील तर मी येत नाही." आणि त्यांनी दाराची चौकट धरली, लहान मुलं शाळेत न जाण्यासाठी धरतात तशी.

इकडे यांची लाज, तिकडे त्याची भीती. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला उघडं पाडायचं. आणि चमच्याची गोष्ट सांगितल्याशिवाय डॉक्टर तरी काय धरणार?

"आई, तो तुमचा मुलगा आहे. तो काय म्हणणार आहे तुम्हाला? रोज तुमच्यासमोर खातो."

"त्याची कोण लाज धरतंय?" त्या एकदम म्हणाल्या. "त्याला कळलं की तुझ्यासमोर बोलणार. मग आपण तिघं रोज एका ताटाशी बसणार." त्यांची पापणी आता डोळ्यावर उतरली होती, पण दुसरा डोळा माझ्यावर होता. "मला तुझी लाज वाटते गं. तुझं सोडवलं ना मी."

इतक्या वर्षांत त्यावर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मला वाटायचं त्या विसरल्या.

"मी बघत होते की तुला. सुरुवातीला," त्या म्हणाल्या. "याचं अंडं सोलून देताना नाक जवळ न्यायचीस."

मी वाटी उचलली, धुतली आणि जागेवर ठेवली. मग म्हटलं, "निनाद येईल आता. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आणि तो काही म्हणाला तर मी आहे."

"तू कुणाच्या बाजूने?"

"अंड्याच्या."

त्या हसल्या. हसू एकाच गालावर उमटलं, दुसऱ्याला निरोप पोचला नव्हता.

*

निनाद आला तो हळदीच्या वासासकट, दारातूनच बोलत. "पुण्याचं ठरलं. सोमवारी."

आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. आईंनी हात मांडीवर ठेवले होते.

"सोमवारचं रद्द कर," त्या म्हणाल्या. "ते तुझं नाही. माझं आहे."

"काय तुझं?"

"चमच्यातलं. मी खाते दुपारचं. तू गेलास की."

निनादने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, इतकी उघडी की बघवेना. खांदे खाली आले, आणि त्याने आवंढा गिळला, न अडखळता, संक्रांतीनंतर पहिल्यांदाच इतका सहज. मग आपण कशावर सुटलो ते त्याला कळलं. तो आईंच्या खुर्चीपाशी खाली बसला.

मी सगळं सांगितलं, हनुवटीचं, ठसक्याचं. तो ऐकत होता आणि आईंची पापणी बघत होता. रोज समोर असलेली, आम्ही झोपेवर ढकललेली पापणी. त्याला चटकन दुसरंही सुचलं. यंत्राने दोघांच्या घशांची सरासरी काढली होती. आईंमुळे त्याचं अंडं दाट झालं, आणि त्याच्या पैलवानी घशामुळे आईंचं जितकं दाट व्हायला हवं होतं तितकं झालंच नाही. लेकाच्या ताकदीचं अंडं आई गिळत होती.

"अगं, पण एवढं काय त्यात लपवायचं?" तो म्हणाला. त्याने आईंचा हात धरला. "औषध म्हणून चालतं की. मला नाही का दिलंस? औषध म्हणून खाल्लंस असं समजायचं, संपलं."

ती पळवाट फार सुबक होती. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने काय काय आत आलं आहे. मला वाटलं, आई ती घेतील. घेतली असती तर मी काहीच म्हटलं नसतं.

आईंनी हात सोडवून घेतला. हनुवटी धरली, शब्द नीट यावा म्हणून.

"औषध कसलं?" त्या म्हणाल्या. "मला आवडतं."

*

डॉक्टर जमादारांनी आईंना वर बघायला लावलं, तर पापणी हळूहळू उतरत गेली. मग त्यांनी हातमोज्यात बर्फाचे खडे भरून ते त्या डोळ्यावर धरले. "गारव्याने निरोप जरा जास्त टिकतो," त्या म्हणाल्या. बर्फ काढला तेव्हा पापणी वर होती. आईंचा डोळा पूर्ण उघडा, चकित, थोडा चिडलेला. निनादने तोंड फिरवलं.

आजाराचं नाव मायस्थेनिया. पुढे रक्त तपासलं, तेव्हा तेच निघालं. उशीर झाला असता तर श्वासाचे स्नायूही दमले असते. "लवकर आलात," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाच्या लक्षात आलं?"

"कोंबड्याच्या," आई म्हणाल्या.

गोळ्या सुरू झाल्या. स्तोत्र एका दिवसात परत आलं नाही, पण एका सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि ते न तुटता शेवटाला गेलं. आई शेवटची ओळ दोनदा म्हणाल्या, खात्री करायला. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी घेतल्यावर ताकद आली की खायचं, हनुवटी जरा खाली घेऊन, आणि पिवळं दाट हवं. "अंडं चालतं ना तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं होतं.

"आता चालतं," आईंनी सांगितलं.

पण त्यासाठी कोंबड्याला सगळं विसरायला लावून पुन्हा सुरुवातीपासून शिकवायला हवं होतं. ते मी केलं. बाल्कनीत आम्ही तिघं दाटीवाटीने उभे. पाटीवर प्रश्न आला. "घरात अंडं खाणारे किती?"

निनादने 'दोन' दाबायला बोट पुढे केलं.

"थांब," आई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. सुतळीची घासणी हातात घेऊन तिची गाठ सोडत होत्या. गाठ जुनी होती, नखाने निघेना. "हिला विचार की. दर वेळी आपणच काय सांगायचं?"

मी 'तीन' दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडं तीनदा आरवलं. तीन वाट्या, तीन चमचे. आता चमचा हातात घेतला की तो आधी विचारतो, कोण? अंडी स्वयंपाकघराच्या टेबलावर आली. कुणी काही म्हणालं नाही, आणि छतही कोसळलं नाही. निनादचं मधासारखं, आईंचं श्रीखंडासारखं. माझं कसं, ते यंत्राला माहीत नव्हतं. "पहिल्या चमच्यापासून शिकू," पाटीवर होतं.

मी पहिला चमचा घेतला. आई आपलं अंडं तसंच ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, दिवाळीला निनादच्या तोंडाकडे बघितलं होतं तशा.

"काय गं? कसं झालंय?"

घास जिभेवर होता, पुढे जाईना. डोळ्यांपुढे वेंगुर्ल्याचं मागचं दार आलं, तिथे उकडलेलं अंडं कपाळावर फोडून हसणारा माझा भाऊ आला. मी मान खाली घातली आणि कसंबसं गिळलं.

कोंबड्याने ते ऐकलं. पाटीवर अक्षरं उमटली. "तिसऱ्या खाणाऱ्यास गिळताना अडथळा जाणवला. उद्यापासून थोडं दाट करू का?"

आईंनी ते वाचलं. पुढे वाकल्या आणि माझ्या आधी, आपल्याच बोटाने, 'नको' दाबलं.